किल्ली कुणाकडे?

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चे नेहमीचे मोफत अपडेट बंद झाले आणि बऱ्याच घरांतल्या जुन्या लॅपटॉपचं काय करायचं हा प्रश्न उभा राहिला. विंडोज ११ त्यावर चढत नाही, भंगारात द्यायला मन होत नाही. मग कुणी उबुंटू टाकलं, कुणी मिंट, कुणी डेबियन. पेन ड्राइव्ह लावला, थोड्या वेळात लिनक्स सुरू, आईचं यूट्यूब सुरू, बाबांचं शेअर बाजाराचं पान सुरू. इथपर्यंत सगळं गोड. पुढे एखादं सॉफ्टवेअर टाकायला गेलं की लिनक्स विचारतं, "तू कोण?" आणि तिथून माझ्या व्हॉट्सॲपवर फोटो यायला लागतात.

यातला मला सगळ्यात आवडलेला फोटो बीईच्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या एका मुलीचा. काळं टर्मिनल आणि त्यावर इंग्रजीत एक ओळ. तिचा अर्थ साधारण असा: अमुक व्यक्तीचं नाव सुडोअर्स फाइलमध्ये नाही, ही घटना वर कळवली जाईल. त्याखाली तिचा प्रश्न: "दादा, हे नक्की कुणाला कळवणार? कॉलेजला कळेल का? मी फक्त व्हीएलसी टाकत होते."

घाबरू नकोस. तुझ्या स्वतःच्या लॅपटॉपवर ही तक्रार तुझ्याच लॅपटॉपच्या नोंदवहीत जाते. तिथे मेलची व्यवस्था असेल तर 'रूट' नावाच्या खात्याला मेल जातो, आणि रूट म्हणजे त्या यंत्राचा मालक, म्हणजे तूच. आपणच पोलीस आणि आपणच आरोपी. नव्या आवृत्त्यांत या ओळीचे शब्द थोडे बदललेत, पण मतलब तोच. ही ओळ अशी वागते कारण ती घरच्या लॅपटॉपसाठी लिहिलेलीच नव्हती. पन्नास माणसं एकच यंत्र वापरायची आणि एक माणूस त्याची जबाबदारी घ्यायचा, अशा जागेसाठी ती होती.

लिनक्स ज्याच्या वळणावर गेलं ते युनिक्स १९६९ मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅब्समध्ये केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी सुरू केलं. एका यंत्राला अनेक टर्मिनल जोडलेली, प्रत्येकावर वेगळा माणूस. आपल्या इंदुरात हे समजवायला सोपं आहे. सराफ्यात दिवसा सोन्याची दुकानं, रात्री ती बंद झाली की त्याच दुकानांपुढे भुट्ट्याचा कीस आणि गराडूच्या कढया. ठेलेवाला आपल्या जागेवर काय मांडायचं ते मांडतो, पण दुकानाचं शटर उघडत नाही. ती किल्ली शेटजींच्या खिशात. युनिक्समध्ये शेटजी म्हणजे रूट. त्याचा वापरकर्ता क्रमांक शून्य, आणि शून्य क्रमांकाच्या माणसाला यंत्र जवळजवळ कशालाच नाही म्हणत नाही. प्रत्येक वापरकर्त्याला आपल्या फोल्डरपुरती मोकळीक. सगळ्यांसाठी सॉफ्टवेअर टाकायचं, काढायचं, म्हणजे सगळ्यांच्या सामाईक जागेला हात लावायचा. ते काम शेटजींचं.

मग रोजची कामं कशी व्हायची? सुरुवातीला एकच रस्ता होता: 'सू' नावाची कमांड. ती रूटचा पासवर्ड विचारते आणि तुम्हाला सरळ रूट करून टाकते. दहा जणांना हे काम करायचं असेल तर दहा जणांना तोच एक पासवर्ड. त्यातला एक नोकरी सोडून गेला की पासवर्ड बदला, उरलेल्या नऊ जणांना परत सांगा. आणि एखादी फाइल उडाली तर कुणी उडवली हे कळायला मार्ग नाही, कारण नोंदीत नाव एकच: रूट.

१९८० च्या सुमाराला बफेलो इथल्या न्यूयॉर्क राज्य विद्यापीठात बॉब कॉगशॉल आणि क्लिफ स्पेन्सर यांनी यावर उपाय म्हणून 'सुडो' लिहिला. कल्पना साधी होती. मालकाची किल्ली कुणालाच द्यायची नाही. एक यादी करायची, त्यात ज्यांची नावं असतील त्यांना एकेका कामापुरतं रूट होऊ द्यायचं. सू दुसऱ्याचा पासवर्ड मागतो, सुडो तुमचा स्वतःचा मागतो. माणूस गेला की यादीतून त्याचं नाव खोडायचं, बाकीच्यांना काही बदलावं लागत नाही. आणि प्रत्येक वेळी नोंद होते: कुणी, किती वाजता, कुठल्या फोल्डरमधून, काय केलं. टॉड मिलर नावाचा प्रोग्रामर तीस वर्षांहून जास्त काळ हा प्रोग्राम सांभाळतोय. (अधिकृत उच्चार 'सूडू' आहे म्हणे. पण मराठी माणसाला त्यात सूड ऐकू येतो, त्यामुळे आपण सुडोच म्हणू.)

आता त्या मुलीच्या अडचणीकडे. तिच्या मावसभावाने उबुंटू टाकलं, त्याचं सगळं चालतं. हिने डेबियन टाकलं, हिचं नाव यादीत नाही. दोघांनी इन्स्टॉल करताना जवळजवळ सारखीच उत्तरं दिली होती. फरक एका प्रश्नात आहे. उबुंटूने २००४ च्या पहिल्या आवृत्तीपासून रूटचं खातं कुलूपबंद ठेवलं आणि इन्स्टॉल करताना जो पहिला वापरकर्ता बनतो त्याला आपोआप सुडोचा अधिकार दिला. डेबियन मात्र मध्येच विचारतं: रूटला पासवर्ड ठेवायचा का? ती चौकट रिकामी सोडलीत तर उबुंटूसारखीच व्यवस्था होते. तिथे पासवर्ड भरलात तर डेबियन म्हणतं, ठीक, या घरात शेटजी वेगळे आहेत. आणि तुम्हाला साधा वापरकर्ता करून ठेवतं. शहाण्या, नीट वाचणाऱ्या मुलांचंच इथे फसतं, कारण पासवर्डची चौकट रिकामी सोडू नये असंच आपण सगळ्यांना शिकवलेलं असतं.

उपाय दोन मिनिटांचा आहे. इथे कमांड देवनागरीत लिहितोय, टाइप करताना अर्थातच रोमन अक्षरात आणि लहान लिपीत. टर्मिनल उघडा, 'सू', मग एक जागा सोडून आडवी रेघ. इन्स्टॉलच्या वेळी भरलेला रूटचा पासवर्ड द्या. टाइप करताना पडद्यावर काहीही दिसणार नाही, ठिपकेसुद्धा नाहीत. कीबोर्ड बिघडलेला नाही, किती अक्षरं आहेत हे मागे उभ्या माणसाला कळू नये म्हणून तसं केलंय. (मिंटमध्ये तारे दिसतात. घरच्या लॅपटॉपला ते मला बरं वाटतं.) मग 'ॲडयूजर', तुमचं वापरकर्ता नाव, आणि शेवटी 'सुडो'. झालं. आता लॉगआउट करून परत लॉगिन करा. ही शेवटची पायरी लोक विसरतात आणि 'तरीही होत नाही' म्हणून परत फोटो पाठवतात. आपण कुठल्या गटात आहोत हे यंत्र लॉगिनच्या वेळी पाहतं, मध्येच नाही.

त्या आडव्या रेघेचंही कारण आहे. २०१९ च्या डेबियन १० पासून नुसतं 'सू' केलं तर तुम्ही रूट होता खरे, पण रूटच्या कमांड जिथे ठेवलेल्या असतात त्या जागेचा पत्ता तुमच्याबरोबर येत नाही. मग 'ॲडयूजर' लिहिलं की अशी कमांडच नाही असं उत्तर येतं आणि माणूस गोंधळतो. रेघ टाकली की पत्त्यासकट पूर्ण रूट होता.

इंटरनेटवर याच कामासाठी 'यूजरमॉड' ही दुसरी कमांड जास्त सापडते. तिच्यात लहान 'ए' आणि मोठा 'जी' अशी दोन अक्षरं जोडून द्यावी लागतात. लहान 'ए'चा अर्थ 'आहेत त्या गटांत भर घाल'. तो राहिला तर ती कमांड तुम्हाला आधीच्या सगळ्या जादा गटांतून बाहेर काढते आणि फक्त नव्या गटात ठेवते. एका अक्षराला इतकी किंमत कशाला द्यायची? घरी 'ॲडयूजर'च वापरा. फेडोरा वापरत असाल तर तिकडे गटाचं नाव सुडो नसून 'व्हील' आहे. आणि सुडोअर्स फाइल हाताने बदलायची वेळ आली तर साध्या एडिटरने उघडू नका, 'व्हीआयसुडो' वापरा. तो जतन करण्याआधी लिहिलेलं तपासतो. त्या फाइलमध्ये एक स्वल्पविराम चुकला तरी सुडो संप पुकारू शकतो, आणि ती फाइल दुरुस्त करायलाही सुडोच लागतो.

इथवर सोपा भाग. नाव यादीत गेलं, आता 'सुडो ॲप्ट अपडेट', मग 'सुडो ॲप्ट इन्स्टॉल व्हीएलसी', पासवर्ड, झालं. उबुंटू आणि डेबियनमध्ये एकदा दिलेला पासवर्ड त्या टर्मिनलमध्ये पंधरा मिनिटं लक्षात ठेवला जातो; लगेच विसरायला लावायचा असेल तर 'सुडो', जागा, रेघ आणि 'के'. कॉलेजात लॅपटॉप उघडा टाकून चहाला जाणाऱ्यांनी हे पाठ करावं.

पण किल्ली हातात आली की पुढच्या आठवड्यात जे होतं त्याचीच मला जास्त काळजी वाटते. काहीतरी चालत नाही. गूगल करतो. कुणीतरी तीन ओळी लिहिलेल्या असतात, पुढे सुडो लावलेला असतो, खाली पन्नास जणांनी धन्यवाद म्हटलेलं असतं. आपण त्या ओळी उचलतो आणि चिकटवतो. एआयला विचारलं तरी तेच. ते तर इतक्या आदबीने सांगतं की शंका घ्यायला संकोच वाटतो. पासवर्ड विचारला की हात आपोआप टाइप करतात. सुडो पासवर्ड मागतो तो 'तू खरंच तूच आहेस ना' एवढंच बघायला. तुम्ही काय करताय ते शहाणपणाचं आहे का, हे तो बघत नाही. तो प्रश्न त्या क्षणी फक्त तुम्हीच विचारू शकता.

एक नमुना देतो. परवानगीची चूक आली की हमखास सुचवला जाणारा उपाय म्हणजे 'सुडो सीएचमॉड', मग मोठा 'आर', मग ७७७, आणि पुढे फोल्डरचा पत्ता. अर्थ: या फोल्डरमधल्या झाडून सगळ्या फाइल सगळ्यांना वाचायला, लिहायला, चालवायला मोकळ्या. हा पत्ता चुकून नुसती तिरपी रेघ, म्हणजे अख्खी डिस्क असा दिला गेला तर गंमत बघा. सुडो चालतो तो त्याच्या फाइलवर असलेल्या एका खास खुणेमुळे. तिला सेटयूआयडी म्हणतात, डेनिस रिचीची ती कल्पना आणि त्याच्या नावावर तिचं पेटंटही होतं. ती खूण असलेला प्रोग्राम कुणीही सुरू केला तरी फाइलच्या मालकाच्या अधिकाराने चालतो. ७७७ ने ही खूण पुसली जाते. म्हणजे सुडोने केलेला बिघाड दुरुस्त करायला सुडो उरतच नाही.

दुसरा प्रकार जास्त सभ्य दिसतो. एखाद्या सॉफ्टवेअरच्या पानावर लिहिलेलं असतं: ही एक ओळ चिकटवा. ती 'कर्ल'ने सुरू होते, मध्ये उभी दांडी, आणि शेवटी 'सुडो बॅश'. तिचा मराठीत अर्थ: इंटरनेटवरून एक कागद आणा आणि न वाचता त्यावर घरमालक म्हणून सही करा. बऱ्याच नावाजलेल्या कंपन्याही असंच सांगतात, आणि बहुतेक वेळा काही वाईट होत नाही. तरी मी ती ओळ दोन भागांत तोडतो. आधी फाइल उतरवून घेतो, उघडून वर-वर तरी वाचतो, मग चालवतो. सगळं कळलं नाही तरी कुठून काय आणतंय आणि कुठे ठेवतंय एवढं दिसतं. उबुंटूमध्ये बाहेरचा पीपीए जोडणं हेही याच जातीचं. त्या क्षणी एक सॉफ्टवेअर घेतलं असं वाटतं, पण पुढच्या प्रत्येक अपडेटला तो अनोळखी माणूस तुमच्या यंत्रावर रूट म्हणून काम करणार असतो, कारण पॅकेज टाकताना त्यातल्या स्क्रिप्ट रूटच्या अधिकाराने चालतात. उबुंटू किंवा डेबियनच्या स्वतःच्या भांडारात मिळत असेल तर आवृत्ती थोडी जुनी असली तरी मी तिथूनच घेतो.

आणि एक गोष्ट, जी लिनक्सचं गुणगान करणारे सहसा सांगत नाहीत. हे सगळं कुलूपकिल्ल्याचं शास्त्र यंत्राला वाचवतं. तुमच्या फोटोंना नाही. लग्नाचे फोटो, आजोबांच्या आवाजातली रेकॉर्डिंग, प्रोजेक्ट रिपोर्ट, ब्राउझरमध्ये उघडं असलेलं ईमेल, हे सगळं तुमच्याच खात्यात असतं आणि ते उडवायला किंवा चोरायला रूट व्हावंच लागत नाही. तुमच्या नावाने चालणारा कुठलाही प्रोग्राम ते करू शकतो. सिस्टीम बिघडली तर तासाभरात परत टाकता येते. आजोबांचा आवाज येत नाही. त्यामुळे 'लिनक्स आहे, काही होत नाही' असं म्हणत बॅकअप टाळणाऱ्यांनी एक बाहेरची हार्ड डिस्क घ्यावी.

सुडो स्वतःही अभेद्य नाही. जानेवारी २०२१ मध्ये क्वालिस या कंपनीच्या संशोधकांनी त्यात एक चूक दाखवून दिली, जिच्यामुळे यादीत नाव नसलेला साधा वापरकर्ताही रूट होऊ शकत होता. ती चूक २०११ पासून त्या कोडमध्ये होती. कोड उघडा असला तरी कुणीतरी तो बसून वाचावा लागतो. दुरुस्ती जाहीर होण्याबरोबरच निघाली, पण ती पोचली ती अपडेट करणाऱ्यांकडेच. उबुंटूने २०२५ च्या ऑक्टोबरच्या आवृत्तीत रस्ट भाषेत नव्याने लिहिलेला सुडो आणला, तो अशा मेमरीच्या चुका कमी व्हाव्यात म्हणूनच.

सगळ्याला सुडो लागतोच असंही नाही. फ्लॅटपॅक आपल्या खात्यापुरतं टाकता येतं, ॲपइमेज नुसती उतरवून चालवता येते. पायथन शिकणाऱ्या मुलांनी 'सुडो पिप' विसरूनच जावं. २०२३ च्या डेबियन १२ पासून यंत्राच्या पायथनमध्ये पिपने काही घालायला गेलं की ते अडवतं, आणि तरी घालायचंच असेल तर जो पर्याय द्यावा लागतो त्याचं नावच 'ब्रेक सिस्टीम पॅकेजेस' आहे. इतकं स्पष्ट लिहूनही लोक तो देतात! प्रत्येक प्रोजेक्टला वेगळा व्हेन्व करा, सुडोची गरजच पडत नाही. कॉलेजच्या लॅबमध्येही हाच रस्ता. तिथे ती ओळ दिसली, की घटना वर कळवली जाईल, तर ती खरोखर वर जाते, आणि वर सिस्टीम ॲडमिन बसलेला असतो. त्याच्याकडे जाऊन मागा. दुसऱ्याच्या यंत्रात मालकाच्या परवानगीशिवाय शिरणं आपल्याकडे माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४३ मध्ये येतं, मग ते कितीही सोपं का असेना.

आणि ते सोपं असतं. हे आपल्या मंडळाच्या वाचनालयात या वर्षी सगळ्यांनी पाहिलं.

तिथला संगणक चार वर्षांपूर्वी आपल्यातल्याच एका दादाने उभा केला. उबुंटू टाकलं, स्कॅनर लावला, मंडळाच्या जुन्या स्मरणिका, वार्षिक अहवाल, नाट्यस्पर्धांचे फोटो, सगळं रविवार-रविवार बसून स्कॅन केलं. वाचकांसाठी एक साधं खातं ठेवलं, प्रशासकाचं खातं एकच, त्याचं. मग तो टोरांटोला गेला. वाचकांच्या खात्याने पुस्तकांची यादी बघता येत होती, म्हणून कुणाला काही वाटलं नाही. यंदा स्मरणिकेसाठी जुने फोटो हवे झाले तेव्हा कळलं की स्कॅन त्याच्या फोल्डरमध्ये आहेत आणि ते फोल्डर उघडत नाही. दादाला फोन लावला. तो म्हणाला, "अरे, चार वर्षं झाली. मला खरंच आठवत नाही. तुम्ही उघडा ना, मी हो म्हणतोय." अध्यक्षकाकांनी समितीत विषय मांडला, कार्यवृत्तात लिहिलं, आणि मग मला बोलावलं. हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो.

यंत्र सुरू होताना एस्केप दाबून ग्रबचा मेनू आणला, रिकव्हरी मोड घेतला, त्यात रूटचा पर्याय निवडला. उबुंटूमध्ये रूटला पासवर्डच नसल्याने तिथे तो विचारलाही जात नाही. डिस्क लिहिण्याजोगी केली, पासवर्ड बदलण्याची कमांड दिली, यंत्र पुन्हा सुरू केलं. स्कॅन जागेवर होते. काका माझ्या मागे खुर्चीवर बसून बघत होते.

"झालं? दहा मिनिटांत?"

"हो काका."

"मग इतके दिवस हे कुलूप होतं कशाला रे?"

प्रश्न बरोबर आहे. हे कुलूप शेजारच्या वापरकर्त्यासाठी आणि इंटरनेटवरून येणाऱ्यासाठी आहे. जो यंत्रापुढे पेचकस घेऊन बसू शकतो त्याच्यासाठी नाही. त्याला तर डिस्क काढून दुसऱ्या यंत्राला जोडता येते. त्याला थांबवायचं असेल तर इन्स्टॉलच्या वेळी अख्खी डिस्क एन्क्रिप्ट करावी लागते, आणि मग रिकव्हरी मोडच्या आधीच सांकेतिक वाक्य विचारलं जातं. दादाने तसं केलं असतं आणि ते वाक्य विसरला असता, तर त्या स्मरणिका गेल्याच होत्या. मी नाही, जगातला कुणीच त्या काढू शकला नसता. हे काकांना सांगितल्यावर ते बराच वेळ काही बोलले नाहीत.

म्हणून माझं मत असं आहे, आणि ते सगळ्यांना पटेलच असं नाही: जो लॅपटॉप रेल्वेने, बसने फिरतो तो एन्क्रिप्ट करावा, आणि ते वाक्य कागदावर लिहून घराच्या कागदपत्रांबरोबर कपाटात ठेवावं. जो संगणक एका खोलीत टेबलावर असतो आणि ज्याच्यात सगळ्यांच्या आठवणी आहेत, तो एन्क्रिप्ट करू नये. खोलीला कुलूप लावावं आणि बॅकअप ठेवावा. चोरीपेक्षा विसरण्याने जास्त गोष्टी जातात. दादाने ब्राउझरमध्ये जतन केलेले त्याचे स्वतःचे पासवर्ड मात्र आम्हाला उघडले नाहीत. ते जुन्या पासवर्डनेच बंद केलेल्या किल्ल्यांच्या डबीत होते, बाहेरून पासवर्ड बदलला तरी ती डबी बंदच राहते. तसंच असायला हवं.

मग प्रशासक कोण, यावर चर्चा झाली. काका म्हणाले, तूच राहा. मी नको म्हटलं. उद्या मलाही बदली आली तर परत तेच. वाचनालय सांभाळणाऱ्या काकू बँकेतून निवृत्त झाल्यात. त्या म्हणाल्या, "स्ट्राँगरूमची किल्ली आमच्याकडे कधी एकाकडे नसायची. दोघांकडे दोन." त्यांच्याकडे दोन्ही किल्ल्या एकत्र लागल्याशिवाय दार उघडत नसे, आपल्याकडे दोन्हींपैकी कुठलीही एक पुरते. त्यांचा हेतू एकट्याने चोरी करू नये हा, आपला हेतू एकटा गेला तर दार बंद पडू नये हा. पण संख्या दोनच बरी, हे सगळ्यांना पटलं.

आता तिथे दोन प्रशासक आहेत: काकू, आणि नुकती बीसीए झालेली एक मुलगी. दोघींची खाती वेगळी, दोघींचे पासवर्ड वेगळे, रूटला पासवर्ड नाही. दोन्ही पासवर्ड बंद पाकिटात मंडळाच्या कपाटात, पाकिटावर तारीख. दादाचं खातं तसंच आहे, फक्त 'डीलयूजर', त्याचं नाव, 'सुडो' अशी एक कमांड देऊन सुडोच्या गटातून काढलं. त्याला कळवलंही. स्कॅन सामाईक फोल्डरमध्ये हलवले.

मागच्या रविवारी मी गेलो तेव्हा काकूंनी मला खुर्चीवर बसू दिलं नाही. त्यांनी स्वतः 'सुडो ॲप्ट इन्स्टॉल टेसरॅक्ट ओसीआर मार' असं वहीतून बघून, शब्दांमध्ये आडव्या रेघा देत टाइप केलं. टेसरॅक्ट म्हणजे छापील पानाच्या चित्रातून अक्षरं ओळखणारा मुक्त प्रोग्राम, आणि शेवटचा 'मार' म्हणजे त्याचा मराठीचा भाग. पासवर्ड दिला, पडदा शांत राहिला. "येत नाहीये काही," त्या म्हणाल्या. मग एंटर दाबलं आणि ओळी धावायला लागल्या. मध्ये यंत्राने विचारलं, इतकी जागा लागेल, पुढे जाऊ का? काकूंनी चष्मा वर करून ती पूर्ण ओळ वाचली, किती जागा लागणार ते वहीत लिहिलं, आणि मगच 'वाय' दाबलं.

छापील स्मरणिकांची पानं आता हळूहळू मजकुरात येतायत. जोडाक्षरं चुकतात, जुनी शाई फिकी असली की जास्तच, म्हणून प्रत्येक पान कुणीतरी वाचून दुरुस्त करावं लागतं. हस्तलिखित अहवाल मात्र त्याला वाचता येत नाहीत. ते मोठ्याने वाचून टाइप करायला माणसं हवीत. रविवारी सकाळी दहा ते बारा वाचनालय उघडं असतं. त्या कामाला सुडो लागत नाही.